अंगठ्याखालचं वाक्य

इंग्रजी वाक्यातलं मुख्य वाक्य कोणतं आणि गौण कोणतं, हे ओळखायची एक युक्ती मी मुलांना शिकवायचो. वाक्याच्या एका भागावर तळहात ठेवायचा आणि उरलेलं मोठ्यानं वाचायचं. उरलेलं आपल्या पायांवर उभं राहिलं तर ते मुख्य. ऐकणाऱ्याला ‘मग पुढे?’ असं विचारावंसं वाटलं तर ते गौण. ‘व्हेन द बेल रिंग्ज’ एवढंच म्हटलं, तर शेवटच्या बाकावरचा पेंगणारा मुलगाही विचारतो, घंटा वाजते तेव्हा काय? ‘वुई गो होम’ म्हटलं की कुणी काही विचारत नाही. घरी गेलो, संपलं.

ही युक्ती माझी नव्हे. चिमूरला शिकत होतो तेव्हा आमच्या इंग्रजीच्या सरांची. ते तळहात फळ्यावर असा दाबून धरायचे की दिवसभर त्यांच्या हातावर खडूची उलटी अक्षरं दिसत. गौण या शब्दावर आम्ही हसलो की ते चिडायचे. ‘गौण म्हणजे फालतू नव्हे रे बैलांनो. तुझा बाप घरी येईल तेव्हा तुला मार पडेल. यात मार मुख्य. पण तू दिवसभर भीत बसतो ते कशाला? “येईल तेव्हा”ला. सगळा जीव गौण वाक्यातच असते कधी कधी.’ हे वाक्य मी पुढे माझ्या प्रत्येक वर्गाला ऐकवलं. मी ते किती समजून ऐकवत होतो, ते आता सांगायचं आहे.

गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. मी चोवीस वर्षांचा होतो. घरातला पहिला बी. ए., बी. एड. धानोऱ्याचा रस्ता सोडून आत जंगलात एका खासगी संस्थेची आश्रमशाळा होती, तिथे मला इंग्रजी शिक्षकाची नोकरी लागली. नेमणुकीचा कागद आला तेव्हा आमच्या वस्तीतल्या विहारात माझा सत्कार झाला होता आणि एक शाईचं पेन मिळालं होतं. दोन वर्षं प्रोबेशन होतं. मग संस्थेच्या सचिवांचा चांगला शेरा आला तर कायम, नाही तर परत घरी. परत घरी म्हणजे त्या विहारासमोरून रोज जाणं.

सचिव नागपूरला राहत. मूळचे दक्षिणेकडचे. बोललेली मराठी त्यांना बरीच कळे, पण हाताने लिहिलेली देवनागरी ते वाचत नसत. त्यामुळे शाळेतून त्यांच्याकडे जाणारा प्रत्येक कागद इंग्रजीत जायचा आणि तो मी लिहायचो. आमचे मुख्याध्यापक पाहुण्यांना माझी ओळख करून देत, ‘सचिवसायबाच्या इंग्रजीले उत्तर देनारी आपल्याकडे एकच तोफ हाय. हे पाहा.’ सगळे हसत. मीही हसायचो आणि खूश व्हायचो. खरं सांगायचं तर माझं इंग्रजी पुस्तकातून आलेलं होतं. इंग्रजी बोलणारा माणूस मी जवळून फारसा ऐकलेला नव्हता. पण त्या पाच-सहा खोल्यांच्या शाळेत मला अडवणारं कोण होतं?

मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिकेला सगळे नुसतं बाई म्हणत. चाळिशीच्या. यजमान वारल्यावर त्यांना ही नोकरी मिळाली होती. वसतिगृहाच्या टोकाला दोन खोल्यांत त्या राहत. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात दहावीला होती. मी एकटा असल्यामुळे माझं जेवण बाईंकडे असे. भात, लाखोळीचं वरण, जवसाची चटणी. पहिल्याच दिवशी मी जयभीम म्हटल्यावर त्यांनी विचारपूस केली आणि शेजारी उभ्या असलेल्या लेकीला म्हणाल्या, ‘पाह्य, आपल्या वस्तीतला पोरगा इंग्रजी शिकवून राह्यला. मोठी झाली का तू बी शिकवशीन.’ तेव्हापासून मी त्यांचा भाऊ झालो. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या असून त्या मला अहोजाहो करत.

त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली होती. बाईंच्या भाचीची सोयरीक पोंभुर्ण्याला ठरली होती, म्हणून त्यांनी शनिवारी संध्याकाळपासून दोन दिवसांची रजा घेतली. त्यांच्या जागी प्राथमिकच्या एक मॅडम वसतिगृह सांभाळणार होत्या. त्या मॅडम गडचिरोलीहून पाचच्या एसटीने यायच्या होत्या. आमच्याकडे एसटी दिवसातून एकदाच यायची. वसतिगृहासमोरच्या मोहाच्या झाडाला वळसा घालायची, दहा मिनिटं थांबायची आणि परत जायची. मॅडम उतरल्या आणि बाई त्याच गाडीने गेल्या. मी त्या दिवशी पगारबिलांसाठी गडचिरोलीला गेलेलो होतो. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण त्यात शंका घ्यावी असं काही नव्हतं.

संध्याकाळच्या प्रार्थनेला दुसरीतली एक मुलगी दिसली नाही. रात्रभर गाव टेंभे घेऊन हिंडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती तिच्या गावात, चार कोसांवर, आईच्या शेजारी बसलेली सापडली. घरची शेळी व्याली होती आणि तिला पिलं बघायची होती, म्हणून ती जंगलातल्या वाटेने एकटी चालत गेली होती. लेकरू सुखरूप होतं. पण त्या जंगलात ते सुखरूप राहिलं हे नशीब, हे सगळ्यांना कळत होतं.

नागपूरहून सचिवांचं पत्र आलं. मॅडमनी आपल्या जबाबात लिहिलं होतं, मी संध्याकाळी पोचले. वेळ लिहिली नव्हती. सचिवांनी बाईंना एकच विचारलं होतं: दुसऱ्या मॅडम येण्याआधी तुम्ही वसतिगृह सोडलं का? आधी सोडलं असेल तर मुलगी हरवल्याचा दोष बाईंचा. नसेल तर मॅडमचा. सगळं त्या एका उत्तरावर होतं.

बाई दुपारी माझ्याकडे आल्या. हातात कोरा कागद.

‘भाऊ, तुमीच लिवून द्या. पन मी सांगतो तसंच लिवा. आपल्या मनचं नोका लावू.’

आमच्याकडे बायकाही ‘मी सांगतो, मी जातो’ असंच म्हणतात.

‘मी कशाला लावू मनचं?’

‘मास्तर लोक लावतेत. लिवा. जवर त्या मॅडम आल्या नाईत, तवर मी हॉस्टेल सोडलं नाई. बस.’

‘एवढंच?’

‘मंग आनखी काय? पोथी लिवाची हाय का?’

‘किल्ल्या दिल्याचं लिहू?’

‘अवो, मॅडम आल्या म्हंजे किल्ल्या देल्याच ना. किल्ल्या काय मी सोयरिकीले घेऊन जाईन?’

मी आधी मराठीत लिहिलं, त्यांनी सही केली. मग इंग्रजीत. आणि मला आठवतं, मला त्या वेळी आनंद झाला होता. वाक्य छान मिश्र होतं. एक मुख्य, एक गौण, काळ दाखवणारं. वर्गात फळ्यावर लिहावं असं. सत्काराच्या पेनाने मी लिहिलं: आय डिड नॉट लीव्ह द हॉस्टेल अनटिल द अदर मॅडम डिड नॉट कम.

‘वाचून दाखवा,’ बाई म्हणाल्या. मी इंग्रजीतच वाचून दाखवलं. त्यांनी मान थोडी वाकडी करून, मन लावून ऐकलं.

‘चांगलं वाटते आयकाले,’ त्या म्हणाल्या आणि त्याखाली मराठीत सही केली. इंग्रजी कागद नागपूरला गेला. मराठी कागद माझ्या टेबलाच्या खणात राहिला.

डिसेंबरात सचिवांचा आदेश आला. बाईंना अधीक्षिकेच्या कामावरून काढून संस्थेच्या दुसऱ्या शाळेत, सिरोंच्याच्या बाजूला, स्वयंपाकघरात मदतनीस म्हणून पाठवलं होतं. वसतिगृह त्या मॅडमकडे दिलं होतं. आदेश मीच बाईंना वाचून दाखवला. त्यात होतं, ‘अ‍ॅज अ‍ॅडमिटेड बाय हर.’ तिने स्वतः कबूल केल्याप्रमाणे.

‘मी कवा कबूल केलं?’ बाई म्हणाल्या.

‘काहीतरी घोळ आहे.’

‘भाऊ, मी तुमच्याचजवळ तं लिवून देलं. तुमच्यासमोर. कबूल कवा केलं?’

मला खरोखरच कळत नव्हतं. मुख्याध्यापक म्हणाले, मोठ्या लोकांना जे करायचं असतं ते ते करतात, कागद नावाला. मलाही ते पटलं. मॅडम कुणाच्या तरी ओळखीतल्या होत्या अशी कुजबुज होती. मॅडमना मी आडून विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘मला कुणी विचारलं का, किती वाजता पोचलीस म्हणून? जे विचारलं ते मी लिहिलं.’

आदेशाच्या शेवटी ‘अनटिल फर्दर ऑर्डर्स’ असं होतं. बाईंनी त्या शब्दांवर बोट ठेवलं, कारण ते वेगळ्या ओळीत होते.

‘हे काय हाय?’

‘पुढचा आदेश येत नाही तोपर्यंत.’

‘अन् तो कोन काढन?’

‘सचिव.’

‘कशावरून काढन?’

मी आदेशाची घडी करून त्यांच्या हातात दिली. त्या गेल्या. मुलीची दहावी होती, म्हणून तिला वसतिगृहातच ठेवलं. जाताना तिच्याकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, ‘हिच्याकडं ध्यान ठेवा. इंग्रजीनंच मार खाते.’ एसटीने मोहाच्या झाडाला वळसा घातला. मुलगी खाली उभी होती. तिने हात वगैरे हलवला नाही.

जानेवारीत मी दहावीला काळदर्शक गौण वाक्यं शिकवत होतो. फळ्यावर लिहिलं, डू नॉट गेट डाऊन अनटिल द बस स्टॉप्स. तळहात ठेवून दाखवला. मुख्य कोणतं, गौण कोणतं. मग मराठीत सांगितलं, बस थांबत नाही तोपर्यंत उतरू नका. बाईंच्या मुलीने हात वर केला.

‘सर, आपन म्हनतो बस थांबत नाई तवर. मंग इथी ‘बस स्टॉप्स’ले नॉट काऊन नाई?’

‘म्हणजे?’

‘म्हंजे दोन नाई पाह्यजेत ना, सर. एक उतरू नाई, एक थांबत नाई. एक कुठी गेलं?’

पुस्तकातलं वाक्य बरोबर असणार, हे नक्की होतं. मी फळ्याकडे बघत राहिलो. आणि ते नाही कुठे गेलं ते मला दिसलं. आपल्या ‘जोपर्यंत’ला शेजारी नाही लागतं. इंग्रजीतल्या ‘अनटिल’ने ते आधीच गिळलेलं असतं. त्याच्या पोटात ते आहे. वरून आणखी एक नाही दिलं की अर्थ उलटा होतो. बस थांबेपर्यंत उतरू नका, याच्या जागी, बस थांबली नाही की मग उतरा.

आणि दुसरी मॅडम आली नाही, मग मी वसतिगृह सोडलं.

तिने स्वतः कबूल केल्याप्रमाणे.

सचिवांनी अन्याय केला नव्हता. त्यांच्या हातातल्या कागदावर बाईंची सही होती आणि त्या कागदात बाई म्हणत होत्या, मी वाट पाहिली, ती आली नाही, म्हणून मी निघून गेले. ते नाही मी घातलं होतं. माझ्या मनचं लावलं होतं.

हे सगळं कळायला किती वेळ लागला असेल? मुलगी अजून उभीच होती. दीड वर्ष या पोरांनी माझ्या तोंडून निघालेलं प्रत्येक इंग्रजी वाक्य बरोबर समजून वहीत उतरवलं होतं. मी असं वाक्य कधी, कुठे लिहिलं, हे तिला माहीत नव्हतं. ती फक्त विचारत होती. मी बरोबर ते सांगितलं असतं तर तिने वहीत लिहिलं असतं आणि कदाचित कधीतरी आईला विचारलं असतं, तू काय लिहून दिलं होतंस?

‘दोन्ही चालतं,’ मी म्हणालो.

‘नॉट लावलं तरी?’

‘लावलं तरी चालतं. बस खाली.’

तिने वहीत लिहून घेतलं. सगळ्यांनीच लिहून घेतलं. भाषांतरातली चूक अज्ञानाने झाली, तिच्याबद्दल मी स्वतःला कधीतरी माफ करू शकलो असतो. पण ‘दोन्ही चालतं’ हे मी जाणून बोललो.

त्यानंतरचे दोन महिने मी सचिवांना पत्र लिहायला बसलो आणि उठलो. बहुधा रविवारी दुपारी, मुलं ओढ्यावर कपडे धुवायला गेलेली असताना. एका कागदावर लिहिलं, ‘दो माय इन्टेन्शन वॉज गुड’ आणि पुढे काही सुचेना. माझा हेतू चांगला असला तरी, काय? दुसऱ्यावर ‘सिन्स आय अ‍ॅम स्टिल ऑन प्रोबेशन’. तिसऱ्यावर ‘इफ देअर हॅज बीन एनी मिस्टेक’. जर काही चूक झाली असेल तर. मी सगळी गौण वाक्यं लिहीत होतो. मुख्य वाक्य एकच होतं आणि ते चार शब्दांचं होतं. ते मी टाळत होतो. हेतू, प्रोबेशन, जर, तरी, असे एकेक टेकू उभे करत होतो आणि त्यांच्यावर ठेवायला काहीच आणत नव्हतो. ते अर्धवट कागद मी चुलीत घालायचो. बाईंच्या खोलीतली ती चूल आता वसतिगृह मिळालेल्या मॅडमची होती, माझं जेवणही त्यांच्याकडेच असे. त्या विचारायच्या, ‘सर, रोज काय जाळता?’ मी म्हणायचो, पेपर तपासलेले.

जूनमध्ये माझं प्रोबेशन संपणार होतं. शाळेत माझं एकच भांडवल होतं, इंग्रजी. इंग्रजीच चुकलं असं मीच लिहून कळवायचं? मला शाळेतून बाहेर जायला दिवसाला एक एसटी होती आणि तीही मला फक्त त्या विहारासमोर नेऊन सोडणार होती. मी वर्गात जायचो, मुलगी पहिल्या बाकावर बसलेली असायची. मी डाव्या भिंतीकडे बघून शिकवायला लागलो.

फेब्रुवारीत एकदा तिने व्हरांड्यात थांबवलं. ‘सर, आईची चिठ्ठी आली. तिथी सगळे तेलगू बोलतेत म्हने. तिले काईच समजत नाई. हासून घेते नुसती.’

‘बरी आहे ना?’

‘बरी हाय. म्हनते, भाऊले जयभीम सांग. अन् म्हनते, भाऊले म्हना, पुढचा आदेश आला का पाहा.’

मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. केंद्र गडचिरोलीला होतं आणि मुलांना घेऊन मी गेलो होतो. इंग्रजीचा पेपर सुटला. पोरं फाटकाबाहेर उसाचा रस प्यायला धावली. ती सरळ माझ्याकडे आली. प्रश्नपत्रिका उघडून धरलेली.

‘सर, अनटिल आलतं. वाक्यं जोडाची व्हती. मी नॉट लावलं. आपल्यासारखं.’ ती हसत होती. ‘तुमी म्हटलं व्हतं ना, दोन्ही चालते.’

मी हो म्हणालो. आणि मग तिच्या हातातली ती प्रश्नपत्रिका बघत राहिलो. एका चुकीने आईची जागा गेली होती आणि तीच चूक मी लेकीच्या हाती देऊन तिला परीक्षेला पाठवलं होतं. मी मुलांना रस पाजला, धर्मशाळेत नेलं आणि तिथेच ओट्यावर बसून पत्र लिहिलं. या वेळी मुख्य वाक्य आधी लिहिलं. ‘आय मेड अ मिस्टेक.’ मग काय चूक, कशी चूक. शाळेत परत गेल्यावर खणातला मराठी कागद काढला आणि सोबत जोडला. नागपुरात कुणाकडूनही वाचून घ्यावा, असं लिहिलं.

सचिवांचं उत्तर दोन ओळींचं आलं. माझं प्रोबेशन एक वर्षाने वाढवलं होतं आणि यापुढे माझा प्रत्येक इंग्रजी कागद मुख्याध्यापकांनी तपासून पाठवावा असं सांगितलं होतं. मुख्याध्यापकांना यातलं काहीच कळेना. ‘आता मी तुमची इंग्रजी तपासतो म्हंता? बरं बावा. फक्त कुठी सही कराची ते सांगत जा.’ त्यांनी कारण विचारलं. मी म्हणालो, काहीतरी भाषांतरातलं. बाईंचं नाव घेतलं नाही. कामावरून गेलो नव्हतो, याचं मला इतकं हायसं वाटलं की त्या रात्री मी पोटभर जेवलो. हेही सांगायला हवं.

जूनमध्ये शाळा उघडायच्या चार दिवस आधी बाई आल्या. उन्हाने काळ्या पडलेल्या, पेटी डोक्यावर, मागे मुलगी. दहावीचा निकाल लागला होता. ती पास झाली होती. गणितात चांगले मार्क होते, इंग्रजीत जेमतेम. त्या एका प्रश्नाने किती गेले, हे मी कधी विचारलं नाही.

बाईंनी पदराच्या गाठीतून घडी केलेला कागद काढला. दुसऱ्या शाळेत कुणी तो नीट वाचून दाखवला नव्हता, नुसतं ‘परत जा, हुकूम आला’ एवढंच सांगितलं होतं.

‘वाचा, भाऊ. तुमच्याच तोंडून आयकाचं हाय. मले ठाऊक हाय, हे तुमीच केलं. तुमी लिवलं सायबाले, म्हनून मी वापस आलो.’

मी कागद उलगडला. एकच लांब वाक्य होतं. आधी गौण, मग मुख्य. गौण वाक्यात लिहिलं होतं की शाळेच्या इंग्रजी शिक्षकाने बाईंच्या जबाबाचं चुकीचं भाषांतर केलं होतं हे आता उघडकीला आलं असल्यामुळे. मुख्य वाक्यात होतं की बाईंना पूर्वीच्या जागेवर पुन्हा रुजू करून घेतलं जात आहे.

माझा अंगठा पहिल्या ओळीवर गेला. वर्गात तळहात जातो तसाच. उरलेलं मी मोठ्यानं मराठीत वाचलं. ते आपल्या पायांवर व्यवस्थित उभं राहिलं. ‘तुम्हाला पूर्वीच्या जागेवर, वसतिगृहाच्या अधीक्षिका म्हणून, पुन्हा रुजू करून घेतलं जात आहे.’

बाईंनी डोळे पुसले. ‘बस. झालं.’

मुलगी माझ्या कोपराशी उभी राहून कागदात बघत होती.

‘सर, एक राह्यलं.’

‘काय?’

‘अंगठ्याखालचं. ते नाई वाचलं तुमी.’

‘ते गौण वाक्य आहे,’ मी म्हणालो.

तिने माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, ‘पन सर, तुमीच सांगतलं व्हतं. गौन म्हंजे फालतू नाई.’

‘गप वो,’ बाई तिच्यावर ओरडल्या. ‘पास काय झाली, सरशी वाद घालाले लागली. सर म्हनतेत ना गौन हाय, तं असन गौन. वापस आलो ना मी? मंग?’ आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘लेकरू हाय, भाऊ. मनाले नोका लावू.’

मुलीने माझ्या हातातून कागद घेतला. मला अंगठा उचलावा लागला. तिने तो वाचला की नाही, मला सांगता येत नाही. माझी नजर खाली होती. कागदाची घडी करण्याचा आवाज ऐकू आला आणि तिने तो आईच्या हातात दिला. बाईंनी पेटी उघडून फडक्यात बांधलेल्या चारोळ्या माझ्यासमोर ठेवल्या. तिकडच्या जंगलातल्या, स्वतः फोडलेल्या. ‘तुमच्यासाठी आनल्या. खीर करून देईन.’

खीर त्यांनी केली आणि मी खाल्ली.

पुढचं एक वर्ष मी त्यांच्याकडे जेवलो. रोज ताटात वरण पडताना वाटायचं, आज सांगावं. मग त्या ‘भाऊ, अजून घ्या’ म्हणायच्या. नंतर मला चंद्रपूरला नोकरी लागली. निघालो त्या दिवशी बाई एसटीपर्यंत आल्या आणि गाडी मोहाच्या झाडाला वळसा घालून दिसेनाशी होईपर्यंत उभ्या राहिल्या. मुलगी पुढे डी. एड. झाली. कधी रस्त्यात भेटली की जयभीम करायची, विचारपूस करायची. तिने तो विषय कधी काढला नाही आणि तिने आईला सांगितलं की नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

मी चूक कबूल केली होती, असं मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो. केली होती, हे खरं आहे. पण इंग्रजीत केली, नागपूरला केली. जिच्याजवळ करायची तिच्यासमोर अंगठा ठेवला. तो अंगठा आज उचलतो. बाई, तुम्ही मला सांगितलं होतं, सांगतो तसंच लिवा, आपल्या मनचं नोका लावू. या वेळी मनचं काही लावत नाही. कागदावर होतं तेवढंच लिहितो.

शाळेच्या इंग्रजी शिक्षकाने तुमच्या जबाबाचं चुकीचं भाषांतर केलं होतं, हे आता उघडकीला आलं असल्यामुळे. पुढचं मी तेव्हा वाचून दाखवलं होतं.